वारं

अंगावरून वारं गेलं, म्हणतात गल्लीत.
बेळगावचे डॉक्टर स्ट्रोक म्हणाले.
मला वारंच पटतं:
आलं, उजव्या अंगाची छाट काढली,
गेलं.

निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळल्या,
दिवसाला हजार, पंचवीसचा कट्टा.
आता बोटं पान धरतात
आणि विसरतात, कशाला धरलं.

सोमवारी न् गुरुवारी साडेसहाला
सून मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवते.
चौकटीत सात तोंडं.
चिकोडीचे मास्तर, कॅमेरा कायम छताकडे.
गोकाकची निंगव्वा, तिचं हसू माझ्यासारखंच एका बाजूला.
बाई म्हणतात, श्वासाकडे बघा.
निंगव्वा विचारते, उसिरु?
हां, उसिरु.

कधी बघितलं होतं त्याच्याकडे?
तंबाखूच्या धुरळ्यात तो
खोकल्याच्या आडोशाला राहायचा.

रात्री भीती उशाशी बसते.
परत येईल का वारं?
डाव्या हातानं उजवा चाचपते, जीभ दातांवरून फिरवते.
बाई म्हणाल्या, आली तर आली म्हणा.
मी म्हटलं, आलीस? बस.
चहा नाही विचारला.

काल रेंज गेली.
बाईंचं तोंड अर्ध्या शब्दावर अडकलं,
वाकडं, आमच्यातलंच.
सून म्हणाली, बंद करू?
ऱ्हाऊ दे, म्हटलं.

नाकाशी गार जातं, ऊन होऊन येतं.
हेही वारंच की.
एक. दोन.
हजाराची सवय मला, आणि अकरावर
कुकरची शिट्टी झाली, चुकले.

परत एकपासून.