छाट

तीस वर्षं, रोज हजार विड्या.
सूप मांडीवर, मान खाली,
आणि दुपारी चारला बिराजदारच्या मेडिकलमधली
एक गुलाबी गोळी, चहाबरोबर.
नाव कधी विचारलं नाही.
गुलाबी म्हटलं की तो द्यायचा.

आता डॉक्टर हत्तुरे नाव विचारतात.
"दुखण्यावर घेता ते सगळं आणा."
मी पिशवी टेबलावर उलटी केली:
गुलाबी, पांढरी, अर्धी तोडलेली,
ऑपरेशननंतरची ती बारकी, झोपेची,
आणि कुंभारीच्या घरकुलातल्या यल्लव्वानं दिलेली पुडी,
जिच्यात काय आहे ते यल्लव्वालाही ठाऊक नाही.

पुडीपाशी ते सगळ्यात जास्त थांबले.

मग इंजेक्शनचं समजावलं, दर एकवीस दिवसांचं.
म्हटलं, कळलं. कारखान्यात चेकर असतो तसं.
तो कट्टा सोडतो, बोट फिरवतो,
पोकळ, वाकडी, तोंड न मुडपलेली विडी
छाट म्हणून बाजूला फेकतो.
माझ्या गाठीनं त्या चेकरला कधीचा चहा पाजलाय.
तो बघतो, आणि आपलीच म्हणून सोडतो.
इंजेक्शन त्याच्या डोळ्यांवर पाणी मारतं.

डॉक्टर हसले.

"मग गोळी काय करते?"
इथं हसू थांबलं.
एखादी चेकरलाही गुंगी आणत असेल, म्हणाले,
एखादी उलट त्याला हातच देत असेल.
कुणाला असं दिसलंय, कुणाला तसं,
अजून तपासतायत.
पुडी आजपासून नको. ती किती दिवस घेतली ते नीट सांगा.
बाकीच्या मला विचारल्याशिवाय
ना सुरू, ना बंद.
आणि सोसत बसू नका,
सोसण्याची इथं कुणी हजेरी मांडत नाही.

एवढा शिकलेला माणूस
"अजून माहीत नाही" म्हणाला.
मला बरं वाटलं, का कोण जाणे.
आमचा चेकर कधी म्हणाला नाही तसं.

रात्री पत्रा अजून तापलेला.
काखेतून कळ निघते, करंगळीपर्यंत जाते,
जिथं दोरा गुंडाळायचे तिथं थांबते.
नात वही घेऊन बसलीय.
"नानम्मा, दहापैकी किती?"

माल पोचवताना वीस विड्या जास्त न्यायचे मी,
छाट जाईल म्हणून.
दुखणं सांगताना मात्र
दोन कमीच सांगत आले जन्मभर.

"आठ," मी म्हणते.
ती बघते माझ्याकडे.
आठच. लिही.