गुरुवार, अंदाजे

नाक्सोस बेटावर, बंदरामागच्या गल्लीत,
स्ट्रातीस सुताराकडे आज एकच फळी उरलीय.
सरूची. दोनशे अडुसष्ट सेंटिमीटर.

कामं दोन.
टेकडीवरच्या चर्चच्या फाटकाला कर्णाची पट्टी;
फाटक मीटरभर चौरस.
आणि यांथीची सातूची पेटी.
जुनी मीटरभर लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच.
"नवीही अशीच हवी, पण दुप्पट मावायला हवं.
आता आम्ही दोघं."
(दुसरा ओतारी, बातुमीचा.
भाकरीला इथे काय म्हणतात ते त्याला अजून धड येत नाही.)
बाकी लाकूड पुढच्या बोटीनं. आज निदान पेटीची पहिली कड.

काल्लिरोई वहीतून मान वर करत नाही.
"एक वर्गमूळ, एक घनमूळ. पोटात दोघांच्याही दोनच.
पण कोटी वेगळी, बाबा. बेरीज होत नाही.
मधे अधिकचं चिन्ह ठेवायचं आणि त्यालाच उत्तर म्हणायचं."
"तुझ्या अधिकला करवत लागत नाही."

मग ती दोघांना सहाव्या मुळापर्यंत खाली नेते.
तिथे एकाच्या पोटात आठ निघतात, दुसऱ्याच्या चार.
गुणले तर बत्तीस,
एका छपराखाली, अगदी गुण्यागोविंदानं.
मिळवायला जावं तर
आठ आपल्या दारात, चार आपल्या.
(आमच्या भाषेत अशा मुळाला करणी म्हणतात.
कुणी कुणावर केली, तर तिलाही.)

शेवटी पेन्सिल, आणि चुका.
एक पूर्णांक एकेचाळीस: वर्ग कमी पडतो.
बेचाळीस: पुढे जातो.
मधेच कुठेतरी, चार मिलिमीटरवर, थांबायचं.
सव्वाचा घन केला तर
अर्धं पोतं सातू पेटीबाहेर राहतो;
एक पूर्णांक सव्वीस केला
तर पेलाभर जागा जास्त.
"राहू दे," स्ट्रातीस म्हणतो, "उंदरालाही लागते."

दोनशे सदुसष्ट, वर चार मिलिमीटर.
फळीवर लिहिताना ती बरोबरचं चिन्ह वाकडं काढते,
दोन्ही रेघा लाटांसारख्या.
"हात हलला?"
"नाही. अंदाजे असंच लिहितात."
तो बघत राहतो. चाळीस वर्षं होड्या बांधल्यात त्यानं.
"म्हणजे बरोबरच," म्हणतो, "फक्त पाण्यावर ठेवलेलं."

करवत तीन मिलिमीटर खाते.
उरतात तीन. कानामागे खोचायलाही पुरत नाहीत.

दारात ओतारी.
पेटी कधी, हे तो हातांनी विचारतो.
स्ट्रातीस चार बोटं दाखवतो, बोटीचा वार,
आणि मग तळहात आडवा धरून
थोडा हलवतो.