उघाडी

धारण तलावाचं माप घ्यायला आलेल्या साहेबानं
हॉलंडहून आणलेलं कॅलेंडर
हसुराम मढवीला देऊन टाकलं. वर्ष संपलंच होतं.

ऑक्टोबरच्या पानावर एक चित्र:
खाली बोटभर जमीन, वर आभाळच आभाळ,
कोपऱ्यात पाणी अडवणारी लाकडी फळी.
चित्रकाराचं नाव चहाच्या डागाखाली गेलेलं.
कुणी मोठा नसणार, साहेब म्हणाला.

हसुरामनं फळीवर बोट ठेवलं.
ही तर उघाडी. आपल्या शहाबाजच्या खारबांधाची.
भरतीला आपोआप मिटते, ओहोटीला उघडते,
जिच्या फटीत बापानं
रात्री-अपरात्री चिखल थापला.

मग तो रंगवत राहिला. सव्वीस वर्षं.
दिवसा दुकानांच्या पाट्या,
संध्याकाळी खाडी.
राखाडीचे त्याच्याकडे अकरा डबे होते,
हिरवा एकच, तोही सुकलेला.

मी त्याच्या फ्रेमा करायचो, बेलापूरला, सेक्टर पंधरात.
दातांच्या डॉक्टरनं दोन चित्रं घेतली,
बाकीची उधारीत माझ्याकडेच पडून.
एकदा म्हटलं, जमीन थोडी वाढव ना,
गिऱ्हाईक विचारतं.
म्हणाला, उरली तेवढीच काढतो.

शेवटच्या चित्रावर सही राहून गेली.
मुलगी म्हणाली, काका, तुम्हीच टाका नाव,
बाबांचं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे.
मी ब्रश घेतला, ओला केला,
बराच वेळ तसाच धरून बसलो,
आणि मग खालच्या टपरीवरून
दोन चहा मागवले.