लाईनमन

बाणेरच्या हॉटेलात, गारठलेल्या हॉलमध्ये
नावं पुकारली जात होती.
पहिल्या फेरीत सगळ्यांना फेकणारे हवे होते,
दुसऱ्या फेरीत पळणारे.
आमच्या मालकांनीही एक पळणारा घेतला,
केसांना जेल लावलेला,
त्याच्यासोबत फोटो काढला आणि जेवायला गेले.
टेबलाशी उरलो मी, साय धरलेला चहा
आणि सहावी फेरी.

मी खांदे बघत नाही.
खांदे पुण्यात कुठल्याही तालमीत मिळतात.
मी पावलं बघतो.
मार्केट यार्डात पहाटे चारला उभा राहून बघितलंय
की पाठीवर पोतं घेऊन
कांद्याच्या सालींवरून कोण घसरत नाही.
यल्लाप्पा धोत्रे तिथं सापडला.
खेळणार का, विचारलं.
म्हणाला, हमालीपेक्षा किती जास्त?

मल्हारी कोंढरे पौडचा.
कागदावर त्याच्या नावापुढे: वजन फार, वेग नाही.
मी नाव दिलं तेव्हा कोणी मान वर केली नाही.
मागं कुणाचा तरी चमचा पडला,
तेवढाच आवाज.

त्याच्या आईनं गावात सांगितलं,
पोरगा पुण्यात लाईनमन झाला.
दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात माणसं.
वरच्या आळीचा डीपी जळलाय,
मोटार चालेना,
मल्हारीला म्हणावं जरा बघ.
तिनं सगळ्यांना चहा केला.
आला की सांगते, म्हणाली.

तो गेला नाही. वर्षभर मी सोडलाच नाही.
आधी त्याच्यातला पैलवान काढायचा होता.
नऊ वर्षं त्याला एकच शिकवलेलं, समोरचा पाडायचा.
हात लागला की तो कंबर शोधायचा
आणि पाडायचाही, झकास.
तोवर दुसराच कुणी
आमच्या फेकणाऱ्या पोराला आडवा करून
अंग झटकत उठलेला असायचा.

चीत नको करू रे, अडव.
अडवून काय मिळतं, वस्ताद?
अडीच सेकंद.
आणि मग?
मग काय. पुन्हा अडव.

म्हाळुंग्याच्या मैदानात, ओल्या मातीवर
पेपरची पानं अंथरायची एकामागं एक,
आणि त्यांच्यावरून मागं सरकायचं, पाच पावलं,
छाती समोर, ढुंगण खाली,
पान फाटता कामा नये.
मे महिन्यात माझ्या घरची रद्दी संपली,
मग शेजाऱ्यांची.
दिवाळीच्या सुमाराला एकदा पाचही पानं अख्खी राहिली.
एकावर नोकरीच्या जाहिराती होत्या.
तो तिथंच उकिडवा बसून वाचत राहिला.

यल्लाप्पा त्याच्या उजव्या हाताला.
दोघं फारसं बोलत नाहीत.
कोपराला कोपर घासलं की कळतं
आतून येतोय की बाहेरून.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी आई आली, पीएमटीनं,
गुळाच्या पोळ्या घेऊन, अख्ख्या संघाला पुरतील एवढ्या.
भोंग्यातून पळणाऱ्याचं नाव अकरा वेळा आलं.
माझा कुठला, तिनं शेजारच्या पोराला विचारलं.
तो बोट दाखवून म्हणाला,
तो बघा, जो काहीच करत नाहीये.

अंधारून येताना, शेवटच्या सत्रात, भोंगा बोलला:
बहात्तर नंबर, मल्हारी कोंढरे.
पुढे काहीतरी इंग्रजी.
होल्डिंग. दहा यार्ड मागं.
मालकांनी कपाळावर हात मारला.
आणि स्टँडमध्ये एकटी बाई उठून उभी,
पदर खोचून टाळ्या वाजवतेय.

मल्हारीनं हेल्मेटमधून तिकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
मी काय सांगणार?
पाय, म्हटलं. पाय बघ.

तो सरकला. पाच पावलं.
समोरचा त्याच्या छातीवर आदळत राहिला,
आणि चेंडू डोक्यावरून गेला.
कुठं गेला, त्यानं वळून बघितलं नाही.

जाताना तिनं रिकामा डबा पिशवीत घातला.
आज नाव घेतलं ना त्याचं?
घेतलं, म्हटलं.
गेटपर्यंत जाऊन परत आली.
आणि त्या डीपीचं, म्हणाली,
तेवढं लक्षात ठेवायला सांगा त्याला.