मंगळवारी फोन कर

सकाळी सात चाळीसला स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका:
विधेयक चारशे सतरा, कलम तीन, उपकलम ब.
काल रात्री अकराला कुणीतरी
'करील' काढून 'करू शकेल' घातलंय.
एवढंच.

मी तेव्हा झोपले होते.
या यंत्राला झोप नाही,
शब्द पकडल्याचा आनंदही नाही.

'विभाग गाडीची सोय करील' म्हणजे
अलागॅशच्या विलेटबाई आठवड्यातून तीनदा
प्रेस्क आइलला डायलिसिसला जातील,
जाऊन-येऊन चार तास, बर्फ असेल तर पाच.
'करू शकेल' म्हणजे
त्या खिडकीत कोट घालून बसतील.

मी मोहीम सुरू करते. एक बटण.
अकराशे चाळीस पत्रं, एका सुरात,
शाळेतल्या प्रार्थनेसारखी.
तिकडे, घुमटाखाली, त्यांच्या कचेरीतही सॉफ्टवेअर आहे.
ते आमच्याला ओळखतं,
अकराशे चाळीसची एक ओळ करतं:
बाजूने, नमुना पत्र.
दोन यंत्रं एकमेकांना रामराम करून
आपापल्या कामाला लागतात.

एक पत्र तेवढं अडकलं.
विलेटबाईंनी नमुना पुसून रकान्यात लिहिलं होतं:
'ड्वेन, तुझ्या आईला गोधडीचे टाके मी शिकवले.
गाडी काढून घेऊ नकोस.'
यंत्र म्हणालं, विषय ओळखता आला नाही.
मी ते छापून घेतलं.

समितीत तेरा जण. सहा हिरवे, सहा लाल,
मध्ये एक पिवळा चौकोन: सिनेटर ड्वेन हॅस्केल.
त्यावर टिचकी मारली की
खाली उघडतात ऑर्विल टेरिओच्या नोंदी.
ऑर्विल गेला जुलैमध्ये.

'बटाट्याच्या भावाबद्दल विचार. धाकट्या भावाबद्दल नको.'

'ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. मागणी पहिल्या वाक्यात.
दुसरं वाक्य तो ऐकत नाही.'

'लिफ्ट असून जिन्याने चढतो. गुडघा दुखतो,
म्हणून दुसऱ्या वळणावर थांबतो. तिथे गाठ.'

'नाही म्हणायच्या आधी चष्मा पुसतो.
हो म्हणायच्या आधीही. पुसू दे.'

आणि शेवटची, रुग्णालयातून, फोनवरून लिहिलेली:
'मंगळवारी फोन कर.'

तिच्यापुढे तांबड्या अक्षरांत: उशीर, दोनशे अकरा दिवस.
दर मंगळवारी नऊला यंत्र आठवण करतं,
ऑर्विल, तुमचं एक काम बाकी आहे.
हिशेब बघणारी नॅडीन दोनदा विचारून गेली,
त्याचं खातं बंद करू का?
जागेचे महिन्याला अठ्ठेचाळीस डॉलर जातात.
मी म्हटलं, अधिवेशन संपू दे.
कुठलं, ते तिने विचारलं नाही.

दुसऱ्या वळणावर, कठड्याला हात टेकून,
हॅस्केल उभा होता.
'करील' परत हवंय, मी म्हटलं,
'करू शकेल' नको.
आणि कागद पुढे केला.

त्याने तो दोनदा वाचला, एवढा छोटा कागद.
'या वळणाचं तुला ऑर्विलने सांगितलं.'
हो.
'मंगळवारी फोन करायचा तो.
विधेयकाचं बोलायचाच नाही बऱ्याचदा.'
वरून कुणीतरी त्याला हाक मारली.

परत येऊन नोंद करायला बसले.
निकाल निवडा, यंत्र म्हणतं:
बाजूने, विरोधात, अनिश्चित.
चौकोन पिवळाच ठेवला.
खालच्या रिकाम्या जागेत टाइप केलं:

'पत्र फाइलमध्ये नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.
चष्मा पुसला.
मी पुसू दिला.'

मग कॅलेंडर बघितलं. सोमवार होता.