एलच्या आकाराची खाच

डिस्कची पट्टी लाल झाली तेव्हा
नामीबाय अजून नवरीला हळद लावत होती.
म्हणजे धवला तिथवर आला होता.
मांडव, घाणा, हळद, एवढ्यातच एकशे साठ जीबी संपले.
नुसता आवाज ठेवला असता तर पुरले असते,
पण निम्मं तिचे हात गातात.
नवरीची अंघोळ राहिलेली,
आणि नामीबाय ब्याऐंशीची.

मी खोका उघडला. चार स्क्रू, त्यातला एक कधीचाच नव्हता.
आत गोठिवलीची धूळ, थोडी रबाळ्याच्या कंपन्यांचीही असणार.
मोबाइलवर फोटो काढले सगळ्या बाजूंनी,
पंचनाम्याला काढतात तसे,
आणि वाशीत, सेक्टर सतराला, रेजीच्या काउंटरवर ठेवले.

तो फोटो मोठा करत गेला.
"चार सॉकेट. एकात जुनी डिस्क, एकात डीव्हीडी. जागा आहे.
पण दोन टीबीच्या वर जाऊ नको,
तुझ्या बोर्डाला पुढचं मोजता येत नाही."
मला त्या बोर्डाची एकदम माया आली.
माझ्या आईलाही हजाराच्या पुढे येत नव्हतं,
सिडकोच्या चेकवरची रक्कम
तिनं शेजाऱ्याकडून तीनदा वाचून घेतली होती.

घरी आले. डाटा केबल लगेच बसली.
तिच्या तोंडाला एलच्या आकाराची खाच असते,
उलटी लावू म्हटलं तरी लागत नाही.
(इथे माणसांबद्दल काहीतरी सुचत होतं. सोडून दिलं.)

पॉवरचं मात्र अडलं.
खोक्यातला प्लग पांढरा, चार जाड पिनांचा, मागच्या जमान्यातला,
डिस्कचं तोंड चपटं, बारीक.
जोर लावला असता तर मोडलं असतं.
नव्वद रुपयांच्या कन्व्हर्टरसाठी पुन्हा वाशी.
रेजी हसला नाही. म्हणाला,
"डाटाचं सगळे बघतात, करंटचं कोणी बघत नाही,"
आणि एसएमपीएसचे वॉट विचारले.
ते मी तळहातावर लिहून नेले होते,
घामानं तीनचा आठ झाला होता.

रात्री जोडलं. डिस्क फिरली.
बोट टेकवलं की थरथर कळायची,
पण पडद्यावर नाव नाही.
केबल काढली, फुंकली, घातली.
शेजारच्या सॉकेटात लावली. नाहीच.
नामीबायचं हल्ली गावच्या लग्नांत असंच होतं,
डीजे चालू असतो
आणि ती मांडवात, खुर्चीवर, पदर घेऊन बसलेली असते.

साडेअकराला बायोसच्या निळ्या पानावर सापडलं:
तिसरं आणि चौथं सॉकेट
कुणीतरी बंद करून ठेवलं होतं.
कुणी, कधी, कशाला, काही पत्ता नाही.
चालू केलं.
मग एक लांब काळी पट्टी आली, कोरी,
आणि तिनं विचारलं, सुरू करायचं का?

सकाळी नामीबायला आणून बसवलं.
तिनं उघडा खोका पाहिला, लोंबत्या वायरी पाहिल्या.
"यान कवरं मावंल गो?"
म्हटलं, पुष्कळ. तुला सगळं आठवलं तरी उरेल.
"सगलं कोनाला आठवतं,"
असं म्हणून तिनं पंखा बंद करायला लावला.

खोक्याचं झाकण अजून लावलेलं नाही,
चौथा स्क्रू शोधायचाय.
ई ड्राइव्हवर एकच फाइल आहे आत्ता:
नवरी न्हाऊन उठली.