चौदा आणि चार

मंगळवारी कचऱ्याची गाडी येते, म्हणून सोमवारी रात्री
निळा डबा रस्त्यापर्यंत ढकलत न्यायचा,
लेकीच्या घरात एवढंच माझं काम.
बाकीचं मशिनं करतात.
अंगात जावयाचं जाकीट, पायात माझ्याच चपला,
रटलंडच्या उतारावर एप्रिलातही बर्फाचे मळकट डाग.

तो मेपलच्या बुंध्याशी उभा होता.
मी म्हटलं, हाड!
कुत्र्याला म्हणतात तसं. कोल्ह्याला काय म्हणायचं
हे कुणी शिकवलंच नव्हतं.
कोल्हा म्हणजे काकडीला राजी होणारा,
उसाच्या फडातून नुसतं शेपूट दाखवून जाणारा.
हा गेला नाही.
तिरका तिरका आला, मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसा,
आणि मनगटाला, घड्याळाच्या पट्ट्याखाली,
लटकला.

मी किंचाळले म्हणे. शेजारची डोरीन सांगते.
मला आठवते ती त्याची मान, दुसऱ्या हातात दाबून धरलेली.
एवढ्या केसांच्या आत
किती बारीक होती.
डोरीन बर्फ काढायचं फावडं घेऊन धावली. एक्याऐंशीची बाई.
पाठीत दोन घाव घातले,
मग पायरीवर बसून तीच रडली.

साबण, वाहता नळ, पंधरा मिनिटं, मोजून.
लेक फोनवर इन्शुरन्सवाल्यांशी भांडत.
टाऊनचा माणूस आला, कोपरापर्यंत हातमोजे.
डोक्यावर मारलं नाहीत हे बरं केलंत, म्हणाला,
आम्हाला मेंदूच लागतो.
मासळीची असते तसल्या पेटीत, बर्फ घालून, घेऊन गेला.

डॉक्टरीण पोरगेलीशी. चारच इंजेक्शनं, दंडात, म्हणाली,
आणि आज जखमेभोवती थोडी जास्त.
पोटात नाही? चौदा नाहीत?
मी कुठल्या काळातलं विचारतेय, तिला कळेना.

मी अकलूजचं विचारत होते.
उन्हाळ्याची सुट्टी, तिसरीचा वर्ग रिकामा,
आणि त्यात कोंडलेला तांबोळ्यांचा इलाही.
चौदांपैकी सहा घेतलेली,
सातव्याला दवाखान्याच्या मागल्या दाराने पळालेला.
जखम भरली की, म्हणाले सगळे. भरली होतीच.
त्याची आई गजांतून वाटी पुढे करायची,
वाटीत पाणी हललं
की तो पाठीने भिंत शोधायचा.
आम्ही पोरं चिंचेवर.
कुणीतरी खाली उतरून खिडकीखाली
तांब्याने पाणी ओतलं, उंचावरून, धार धरून,
आवाज यावा म्हणून.
कुणीतरी, असं छप्पन्न वर्षं सांगत आले.
तांब्या आमच्या घरचा होता.

पाचव्या दिवशी फोन आला. कोल्हा पिसाळलेलाच.
लेकीने मला जवळ घेतलं, जावयाने चहा केला,
बिलाचा आकडा दोघांनी माझ्यापासून लपवला.
तुला काही होणार नाही आई, वेळेत झालंय सगळं.
मला माहीत आहे. कागदावर तारखा आहेत.

तरी पहाटे चारला उठते.
दिवा न लावता ग्लास भरते, ओट्यावर ठेवते,
पाणी हलायचं थांबेपर्यंत बघते,
मग बोटाने मुद्दाम हलवते.
मग पिते.
घोट उतरतो. दुसराही.
एकदा लेक दारात उभी. काय करतेस गं?
तहान लागली, म्हटलं.

डोरीन म्हणते, दोन दिवस दिसत होता ओढ्याकाठी,
पाण्याजवळ यायचा आणि मागे व्हायचा.
तिला वाटलं, वितळलेलं पाणी गार असेल.

चौथ्या इंजेक्शनाला बाही मीच वर केली.
कापूस दाबत नर्स म्हणाली, झालं, संपली सगळी.
मी मराठीतच म्हणाले,
सातवं राहिलंय.
ती हसली, आणि दंडावर
लहान मुलांची असते तसली
चित्राची पट्टी चिकटवली.